चेक भरून येईपर्यंतची चाळीस मिनिटं

पत्र आलंय सोलापुरातून. नाव छापू नका असं ताईंनी बजावलंय. मालसुद्धा बदलायला सांगितलाय, "लोक लगेच ओळखतील" म्हणून. तेव्हा खाली टॉवेल वाचा. खरं काय ते त्यांना आणि मला माहीत.

"दादा, नमस्कार. एमआयडीसीतल्या एका टॉवेल-नॅपकिनच्या फर्ममध्ये मी नऊ वर्षं अकाउंट्स बघते. ऑफिसात शेठ धरून आम्ही सहा जण. फर्मचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर माझ्या कॉम्प्युटरवर दिवसभर उघडा असतो, पार्ट्यांशी बोलणं तिथूनच चालतं. मागच्या गुरुवारी तीनला मी बँकेत चेक भरायला गेले. यायला चाळीस मिनिटं लागली असतील. संध्याकाळी एका जुन्या पार्टीचा शेठना फोन, 'दुसऱ्याला नॅपकिन माझ्यापेक्षा स्वस्त का देताय?' बघितलं तर माझ्या कॉम्प्युटरवरून एका पार्टीची रेट लिस्ट दुसऱ्या पार्टीला गेलेली. वेळ तीन बावीस. तेव्हा मी बँकेच्या रांगेत होते. शेठ मला काही बोलले नाहीत, बोलले असते तर बरं झालं असतं. सगळे म्हणतात आम्ही हात लावला नाही. आधी दुपारी सगळ्यांचे डबे एका टेबलावर उघडायचे, आता जो तो आपापल्या खुर्चीत जेवतो.

विचारायचं ते हे. जाग्यावरून उठताना कॉम्प्युटरला कुलूप कसं घालायचं? आणि घातलं तर या माणसांना काय वाटेल? बिलिंगच्या अक्का मला धाकट्या बहिणीसारखं वागवतात. त्यांच्या डोळ्यांदेखत मी कुलूप लावायचं? शेठ तर म्हणतात पासवर्ड सगळ्यांना माहीत पाहिजे, तू आजारी पडलीस तर बिलं कोण काढणार. आत्ताचा पासवर्ड मॉनिटरच्या खालच्या पट्टीवर कागदावर चिकटवलेला आहे."

ताई, सगळ्यात आधी एक काम सोडून द्या. हे कुणी केलं ते शोधत बसू नका.

ते कळायचं नाही. मशीनला एवढंच ठाऊक असतं की तुमच्या नावानं उघडलेल्या खात्यातून तीन बावीसला एक मेसेज गेला. की-बोर्डवर बोटं कुणाची होती, हे कुठल्याच फायलीत लिहिलेलं नसतं. आणि मला विचाराल तर यात कुणाचा डाव असेल असंही वाटत नाही. तुम्ही बाहेर पडलात, मागं फोन वाजला, "तेवढा दर पाठवा की लवकर." कुणीतरी तुमच्या खुर्चीत टेकलं, रेट लिस्ट शोधली, फॉरवर्ड केली. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नवा मेसेज आला की ते नाव उडी मारून वर येतं आणि आधीचं खाली सरकतं. घाईत एका ओळीचा फरक पडला की रेट लिस्ट चुकीच्या घरी गेली. संध्याकाळी बोंबाबोंब झाल्यावर त्या माणसाची जीभ टाळूला चिकटली असणार. आता तर तो बोलणारच नाही, कारण पहिल्या दिवशी "मी नाही" म्हणून बसलाय.

मी बरीच वर्षं सोलापुरात ऑफिसं, दुकानं, कारखाने यांचे कॉम्प्युटर लावून देतो, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देतो. एका ठिकाणची गोष्ट सांगतो. पाच माणसं आणि एकच लॉगिन, त्याचा पासवर्ड मालकाच्या आईचं नाव. एक दिवस कॅशचं एक व्हाउचर गायब झालं. रक्कम फार नव्हती, पण कॅश जुळेना. संशय कुणावर जातो ते तुम्हाला माहीत आहे. जो सगळ्यात कमी पगाराचा आणि सगळ्यात कमी बोलणारा, त्याच्यावर. ऑफिसातलं पोरगं होतं, चहा आणायचं, बँकेत जायचं, कधीमधी एंट्रीही मारायचं. त्याला कुणी थेट काही म्हटलं नाही. फक्त बँकेत पाठवणं बंद केलं. पाडव्याच्या आत ते पोरगं काम सोडून गेलं. ऑडिटच्या वेळी उलगडा झाला. मालकाच्या मुलानं एका रविवारी येऊन, एंट्री दोनदा पडलीये असं समजून ते व्हाउचर उडवलं होतं. सगळे हसले, विषय मिटला. त्या पोराला परत बोलवायला मात्र कुणी गेलं नाही.

म्हणून, अक्कांना काय वाटेल हा तुमचा प्रश्न मी उलटा करून तुमच्यासमोर ठेवतो. त्या गुरुवारी तुमचं मशीन बंद असतं, तर आज अक्कांवर कुणाचीच नजर गेली नसती. कुलूप नव्हतं म्हणून ऑफिसातले सगळेच संशयाच्या रांगेत उभे आहेत, अक्काही त्यातच. तुम्ही लॉक लावाल ते जितकं बाहेरच्या माणसासाठी, तितकंच अक्कांच्या नावासाठी. हे त्यांना असंच सांगा, माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल. "अक्का, परत काही झालं तर तुमचं नाव निघायला नको म्हणून लावायलेय." याचा राग त्यांना यायचा नाही. आलाच तर दोन दिवस टिकेल.

आता कुलूप कसं लावायचं ते.

की-बोर्डवर डाव्या हाताला, अगदी खालच्या ओळीत, कंट्रोल आणि अल्ट यांच्या मधे खिडकीचं चित्र असलेलं बटण असतं. ते दाबून धरायचं आणि एल दाबायचं. झालं. माउस नको, मेनू नको. पडद्यावर घड्याळ येतं, मागचं सगळं झाकलं जातं. खुर्ची मागे सरकवायच्या आधी दोन बोटं तिकडे गेली पाहिजेत. पहिले आठ-दहा दिवस विसराल, मग हात आपोआप जाईल. (शेठकडे अ‍ॅपलचा लॅपटॉप असेल तर तिथे कंट्रोल, कमांड आणि क्यू एकदम दाबायचं.)

एक ग्यानबाची मेख आहे इथे. आपल्याकडे कॉम्प्युटर विकणारे बहुतेक जण गिऱ्हाइकाची कटकट नको म्हणून पासवर्ड न घालताच मशीन देतात. अशा मशीनवर लॉक केलं की घड्याळ येतं खरं, पण एंटर मारला की दार सताड उघडं. तुमच्याकडे निदान पासवर्ड आहे, फक्त तो भिंतीवर कॅलेंडर लावावा तसा लावलाय. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स, तिथे जाऊन पासवर्ड बदला आणि पिन घाला. पिन सहा आकडी ठेवा. गाडीचा नंबर नको, तो रोज पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर उभा असतो. फर्मच्या फोनचे शेवटचे आकडे नकोत. हा पिन फक्त त्याच मशीनवर चालतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून तो टाकून कुणाला काही उघडता येत नाही. टाकताना मागे कोण उभं आहे तेवढं बघत जा.

तुमच्या मनात येणारी शंका मला माहीत आहे, कारण प्रत्येक ऑफिसात ती विचारतात. "लॉक केलं तर काम बंद पडंल का ओ?" नाही पडत. प्रिंटला दिलेली तीस बिलं निघत राहतात. डाउनलोड चालू राहतं. टॅलीत अर्धवट भरलेली एंट्री जिथे होती तिथेच सापडते. बाकीचे दोघं-तिघं त्यांच्या मशीनवरून तुमच्या मशीनवरचा टॅलीचा डेटा उघडून बसले असतील, तर त्यांचंही चालू राहतं. पडदा झाकला, मशीन जागंच आहे.

झोपवणं मात्र वेगळं, आणि इथेच घोटाळा होतो. बाकीच्यांची टॅली तुमच्या मशीनवरून चालत असेल आणि तुमचं मशीन स्लीपमध्ये गेलं, तर त्यांच्या पडद्यावर लगेच एरर येते आणि बोलणी तुम्हाला बसतात. मग कुणीतरी शहाणा येऊन स्लीपबरोबर लॉकही काढून टाकतो. तसं करू देऊ नका. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' ठेवा, पडदा दहा मिनिटांनी काळा होऊ द्या, आणि लॉक स्वतंत्र लावा.

विसरण्यावर उपाय म्हणून स्क्रीन सेव्हर कामाला येतो. स्टार्टमध्ये स्क्रीन सेव्हर असं टाइप केलं की त्याची चौकट उघडते. वेळ पाच मिनिटं करा, आणि शेजारच्या 'ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन' या चौकोनात टिचकी मारा. ती टिचकी राहिली तर नुसती शोभा. तुमच्या धंद्यातल्या माणसाला हे समजवायला नको. मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, विणकराचं लक्ष असो नसो. तसंच हे. पण माग थांबतो म्हणून कुणी विणकर घरी जाऊन बसत नाही. पाच मिनिटांत चुकीची रेट लिस्ट पाच वेळा जाऊ शकते, तेव्हा हातानं लॉक करायचंच.

फोन ब्लूटूथनं जोडून ठेवायचा आणि माणूस लांब गेला की मशीन आपोआप लॉक, अशीही सोय विंडोजमध्ये २०१७ पासून आहे. मला ती आपल्याकडच्या ऑफिसांत फारशी पटत नाही. फोन टेबलावर चार्जिंगला लावून माणूस चहाला जातो. आणि फोन खिशात असला तरी चहाची टपरी गेटवरच असते, म्हणजे मशीनच्या लेखी तुम्ही अजून खुर्चीतच.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं बघावं लागेल, कारण तुमचं भांडण तिथेच झालंय. फर्मचा फोन शेठच्या ड्रॉवरमध्ये बंद पडून असला तरी कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सअ‍ॅप चालत राहतं. फोन सलग चौदा दिवस वापरला नाही तरच जोडलेली मशीन आपोआप तुटतात. शेठच्या हातून तो फोन घ्या, 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा आणि यादी वाचा. एखादं असं मशीन निघेल की जे कुणी, कधी, कशाला जोडलं ते कुणालाच आठवणार नाही. जुन्या ऑपरेटरचा लॅपटॉप, शेठच्या पुतण्याचं घरचं मशीन, काहीही. ते तिथल्या तिथे लॉगआउट करा. रेट लिस्टांसाठी तर मी म्हणेन की प्रत्येक पार्टीच्या पीडीएफच्या नावातच पार्टीचं नाव घाला. 'रेट फायनल नवीन २' असल्या नावाची फाइल कुणाच्या हातून कुठे जाईल याचा नेम नाही.

आता शेठचा मुद्दा. ताई, त्यांची काळजी खोटी नाही. तुम्ही तापानं घरी पडलात आणि माल गाडीत भरून उभा आहे, तर बिल निघालंच पाहिजे. पण त्यावर उपाय एक पासवर्ड सगळ्यांना, हा नव्हे. प्रत्येकाचं वेगळं नाव, हा उपाय. विंडोजमध्ये अक्कांचं वेगळं अकाउंट करा. त्या आपल्या पिननं तुमच्याच मशीनवर बसतील, टॅली उघडतील, बिल काढतील. तुमचं व्हॉट्सअ‍ॅप, तुमचे मेल, ब्राउझरमध्ये साठवलेले तुमचे पासवर्ड त्यांच्यासमोर येणार नाहीत. टॅलीतही युजर वेगळे करता येतात. कुणी नुसती एंट्री करायची, कुणाला जुनी बदलता येईल, हे ठरवता येतं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड शेठकडे. तुमचा पिन एका पाकिटात घालून, पाकिटावर सही करून तिजोरीत ठेवायला द्या. वेळ आली तर पाकीट फोडायचं, तुम्ही आलात की पिन बदलायचा. शेठना हे पटतं, कारण तिजोरीची सवय त्यांना आधीपासून आहे.

त्यांना आणखी एक सांगा. फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. मालकी किंवा भागीदारीची फर्म असेल तर सक्ती नाही, पण एडिट लॉगची सोय टॅलीत आहेच. त्या नोंदीत काय पडतं? कुठली एंट्री, कधी बदलली, आणि कुठल्या युजरनं. सगळे एकाच नावानं शिरत असतील, तर त्या नोंदीत पानोपान तुमचंच नाव. ऑडिटर उद्या ते पुढ्यात ठेवून विचारेल, तेव्हा "मी तेव्हा बँकेत होते" हे कितीदा सांगणार?

पत्रात नाही, पण मी पैजेवर सांगतो की तुमच्या सीपीयूला मागच्या बाजूनं शेठच्या डिजिटल सहीचा टोकन, तो पेनड्राइव्हसारखा दिसणारा, कायम खोचलेला असणार. धूळ बसलेला, निळा नाहीतर चंदेरी. बहुतेक ऑफिसांत हेच बघतो. काहींनी तर त्याचा पासवर्ड त्यावरच मार्करनं लिहिलेला असतो. ती शेठची सही आहे ताई, कायद्यानं कागदावरच्या सहीच्या तोलाची. आयटी कायदा, २००० च्या ४२ व्या कलमात सहीच्या मालकावरच जबाबदारी टाकली आहे की त्या सहीची किल्ली, म्हणजे हा टोकन, आपल्या ताब्यात राहील याची नीट काळजी घ्यायची. कोऱ्या चेकवर सही करून शेठ ते चेकबुक टेबलावर ठेवून जातील का? रिटर्न भरला की टोकन काढायचा आणि शेठच्या हातात द्यायचा. द्यायला गेलात की "राहू दे की तिथंच" म्हणतील. तरी द्या.

कायद्याचं विचारलं नाहीत, पण कुणीतरी "पोलिसात जाऊ" म्हटलं असेल. मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं त्याच कायद्याच्या ४३ व्या कलमात बसतं, आणि लबाडीनं केलं तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या प्रकरणात लबाडी दिसत नाही. आणि शेठनीच पासवर्ड सगळ्यांना दिलाय म्हटल्यावर परवानगी नव्हती असं तरी कसं म्हणणार? जाऊ नका. पैसे गेले असते तर गोष्ट वेगळी, तेव्हा एक मिनिट न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

सुरुवात मात्र तुम्ही एकटीनं करू नका. तुम्ही एकटीनं लॉक लावलं तर ते टोमण्यासारखं दिसेल, आणि या आठवड्यात तर नक्कीच. शेठना सांगा की सोमवारी सगळ्यांसमोर पहिला लॉक त्यांनी स्वतःच्या मशीनला लावावा आणि मग म्हणावं, "आजपासून सगळ्यांचं असंच." मालकानं केलं की तो ऑफिसचा नियम होतो. तुम्ही केलंत तर ती तुमची शंका होते. त्याच बैठकीत त्यांनी रेट लिस्टचा विषय स्वतःच्या तोंडानं मिटवला तर फार बरं. "झालं ते झालं, पार्टीशी मी बोललोय, कुणाला विचारणार नाही." एवढं बोलले की डबे पुन्हा एका टेबलावर येतील असं मी लिहून देत नाही, पण शेंगाची चटणी तरी इकडून तिकडे फिरायला लागेल.

काही कंपन्यांत उघडं मशीन सापडलं की त्याच्याच नावानं "उद्या माझ्याकडून सगळ्यांना भजी" असा मेसेज टाकून माणसाला धडा शिकवतात. गंमत म्हणून ठीक. तुमच्या ऑफिसात आत्ता हे कुणाला करू देऊ नका. पुढच्या जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत, अर्धं ऑफिस दुपारीच पळतं तेव्हा कुणाचं मशीन उघडं सापडलं, तर भजी खुशाल मागवा.

राहिला तो मॉनिटरखालचा कागद. पासवर्ड बदलल्यावर तो काढाल तेव्हा नखानं खरवडू नका, पट्टीवर ओरखडे पडतात. निघेल तेवढा कागद सोडवा, राहिलेल्या डिंकावर कापसाच्या बोळ्यानं खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. फडकं तर तुमच्याकडे गोदामभर आहे.